थंडीत चहा गच्चीवर

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी अक्का गेली. सकाळी तिनं पाणी तापवलं, चहा केला, माझा डबा भरला. मी शाळेत गेले. दुपारी शाळेत निरोप आला. मी घरी पोचले तेव्हा तिला जमिनीवर निजवलं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं लग्न झालं होतं आणि ते लवकर संपलंही होतं. ती माहेरी परत आली तेव्हा मी पाटी-पेन्सिलीच्या वयाची होते. आमचं गाव पैठणच्या बाजूला, घरची शेती. गावात मुलीला चौथीच्या पुढं शाळा नव्हती. मला शहरात ठेवायचं तर कोणीतरी सोबत राहायला हवं होतं, म्हणून अक्का आली. गुलमंडीच्या मागच्या बोळात खालच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. ती लोकांचे कपडे शिवायची आणि मी शिकायची. पुढं मला छावणीतल्या एका शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली, तरी ती शिवतच राहिली. अक्का गेली तेव्हा निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला पंधराएक वर्षं झाली असतील.

हिवाळा मला लहानपणापासून मानवत नाही. आजारी पडत नसे, पण दिवाळीचे दिवे विझले की मनात काहीतरी मंद होत जायचं. आमच्या बोळात ऊन उशिरा उतरायचं आणि दुपार कलायच्या आत निघून जायचं. खालच्या खोल्यांना तर ते शिवतच नसे. तीन वाजता वाचायला दिवा लावावा लागे. मी गप्प होत जायचे, ताटात जेवण टाकायचे, रविवारी अंथरुणातून उठायचे नाही. कुणी काही विचारलं तर डोळे भरून यायचे आणि कारण सांगता यायचं नाही. याला काही नाव असतं हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. अक्का एवढंच म्हणायची, "हिला थंडी बाधती."

त्यावर तिनं आपला एक नियम काढला होता. थंडीत चहा खाली मिळायचा नाही. अरुंद जिना चढून ती केटली गच्चीवर न्यायची आणि पूर्वेकडच्या कोपऱ्यात, जिथं ऊन पहिल्यांदा पडतं तिथं, पोतं टाकून बसायची. ज्याला चहा हवा त्यानं वर यावं. मी कुरकुरत, पांघरूण लपेटून वर जायची. मग ती केसांना तेल लावायला घ्यायची, वाटाण्याच्या शेंगा पुढ्यात टाकायची, नाहीतर शिवणातले टाके उसवायला द्यायची. तासाभरानं मी आपोआप बोलू लागायची. तिनं हे औषध म्हणून कधी सांगितलं नाही आणि मीही औषध म्हणून घेतलं नाही. मला वाटायचं, तिला गच्ची आवडते.

गच्चीला लागून खालांची गच्ची होती. मध्ये कमरेइतकी भिंत. खाला म्हणजे शेजारच्या घरातली म्हातारी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा-सून कामाला बाहेर. गुडघ्यांमुळं बोळातून फिरून आमच्या दारी येणं त्यांना जमत नसे, पण कठड्याला धरून त्या आपल्या गच्चीवर रोज चढायच्या. भिंतीच्या अलीकडून अक्का कप सरकवायची, पलीकडून खाला बशीत ओतून प्यायच्या. दोघींचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं दखनी, आणि बहुतेक सगळं बोळातल्या लोकांविषयी असायचं.

अक्का गेल्यावर दादा, म्हणजे आमचा थोरला भाऊ, गावाहून आला. दहावा, तेरावा त्यानं केला. गेलेल्या माणसाच्या नावानं अंथरूण-पांघरूण दान देतात. दादानं अक्काची रजई मागितली तेव्हा मी बाजारातून नवी गादी आणि नवी चादर आणून दिली आणि रजई ठेवून घेतली. त्यानं वाद घातला नाही. जाताना मात्र तो उंबऱ्यात थांबला.

"संक्रांतीला येतो मी. बैलगाडी सांगून ठेवतो सामानाला. शाळा सोड आन चल गावाकडं. इथं एकटीनं काय भिंतीशी बोलणार हायेस?"

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. शाळेनं रजा दिली होती तीही संक्रांतीपर्यंतच. त्यानंतर रुजू व्हायचं की राजीनामा द्यायचा, ते मी कळवायचं होतं.

तो महिना मी कसा काढला हे नीट आठवत नाही, कारण आठवण्यासारखं काही केलंच नाही. अक्काची रजई लाल खोळीची होती, माझी हिरव्या खोळीची. माझी मी घडी करून ट्रंकेवर ठेवली आणि अक्काची अंगावर घेऊन पडून राहू लागले. चहा खालीच करायचे, तोही निम्मा थंड व्हायचा. सगळ्यांत वाईट म्हणजे मला वाचता येईना. पुस्तक उघडलं की डोळे ओळीवरून घसरत जायचे आणि पान संपलं तरी हाती काही लागायचं नाही. वाचन सोडून मला दुसरं काही येत नव्हतं. वर्गात पुस्तक उघडून उभी राहिले आणि अशीच घसरत गेले तर, या धास्तीनं मी मनातल्या मनात राजीनामा लिहूनही टाकला होता. आणि थंडी जाईना. रजई डोक्यावरून घेतली तरी पाय गार, पाठ गार. मी समजले, दुःख असंच असतं, आता असंच गार राहायचं.

पौषात एका सकाळी बोळात पिंजाऱ्याच्या कमानीच्या तारेचा आवाज आला. रजया उसवून आतला कापूस पिंजून पुन्हा भरून देणारा हा माणूस दरवर्षी दिवाळीच्या आधी यायचा. त्या वर्षी तो आलाच नव्हता, आणि अक्का दिवाळीभर त्याची वाट बघत होती. मी कूस बदलली. तेवढ्यात वरून, गच्चीवरून, खालांचा आवाज बोळात उतरला. त्या त्याला आमचं दार दाखवत होत्या, रजया दोन आहेत, गच्चीवर घेऊन ये म्हणत होत्या. मी नको म्हणायला दार उघडलं तर तो खांद्यावर कमान घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचलाही होता. दरवर्षीचं घर, दरवर्षीचा जिना. त्याला काय विचारायचं होतं? मला वाद घालण्याचं बळ नव्हतं. दोन्ही रजया छातीशी धरून मी त्याच्या मागं चढले.

महिन्याभरानं मी गच्चीवर आले होते. उजेड इतका होता की डोळ्यांवर हात धरावा लागला. खाला भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आ गई क्या ऊपर? मैं समझी, गच्ची बेच डाली तुम लोगाँ."

मी हसले नाही. पिंजाऱ्याला म्हटलं, हिरवी कर, लालला हात लावू नकोस. पण तोपर्यंत त्यानं नाकातोंडाला फडकं बांधलं होतं, कानावरूनही घेतलं होतं आणि कमानीची तार वाजू लागली होती. तो आपल्या कामात होता. मी पूर्वेच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसले. भिंत उन्हानं तापलेली होती. तारेचा आवाज एका लयीत येत होता, कापसाचे तंतू उडून केसांवर, हातांवर बसत होते. मला वाटलं, ही हिरवी होईपर्यंत बसू आणि लाल उचलून खाली जाऊ. आणि बसल्या जागी मला झोप लागली. अशी झोप अक्का गेल्यापासून आली नव्हती.

जागी झाले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि दोन्ही रजया शिवून तयार होत्या. हिरवी उशीसारखी फुगलेली होती. लाल तिच्या शेजारी चादरीसारखी पडलेली. मी उठून लाल रजई चिमटीत धरून पाहिली. खोळ आणि अस्तर यांच्यामध्ये जेमतेम काही होतं.

"हे काय केलंत?" माझा आवाज चढला. "हिच्यातला कापूस कुठं गेला?"

त्यानं तोंडावरचं फडकं सोडलं. त्याला माझ्या रागाचा अर्थच कळेना. "हिरवी में डाल्या, बाई. हर साल का हुकूम है. लाल में से निकालना, हिरवी में भरना. मोठ्या बाईंना विचारा ना." मग जिन्याकडं बघत, जरा तक्रारीनंच म्हणाला, "आज चहा बी नहीं भेजे उनो."

मला सांगावं लागलं. तोपर्यंत ते वाक्य मी स्वतःच्या तोंडानं उच्चारलंच नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दादाच सांगायचा. मी म्हटलं, "अक्का गेली. महिना झाला."

त्यानं सुई खाली ठेवली. मग त्याच्या पद्धतीनं हात वर करून त्यानं काही पुटपुटलं. तो दिवाळीत लेकीच्या गावी आजारी पडून होता, कालच परतला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी भिंतीकडं वळले. खालांना सगळं ठाऊक असणार हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"दरवर्षी?" मी विचारलं.

"हौ. हर साल थोडी थोडी. तू इस्कूल में रहती थी. मेरेकू बोलती, छोटी कू बोलना नक्को, उसकू ठंड बाधती, मेरेकू क्या, मैं तो गरम मिजाज की."

अक्काला थंडी वाजत नाही असं आम्ही सगळेच समजत होतो. ती तसं सांगायचीच. रात्री पांघरूण पायाशी लोटून म्हणायची, मला उकडतंय. पहाटे मी उठायची त्याच्या आधी ती चुलीपाशी बसलेली असायची, आणि मला वाटायचं तिला लवकर उठायची हौस आहे.

खालांनी भिंतीवरून हात लांब करून लाल रजई चाचपली आणि त्यांना हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, असं एकदमच.

"महिना भर येच ओढी तू? अरी, ठंडी रजई ओढ के पड़ी और समझी दुनिया ठंडी हो गई!"

आणि मीही हसले. का ते आजही नीट सांगता येणार नाही. ज्या गारठ्याला मी दुःख समजून महिनाभर मान खाली घालून सोसत होते, त्यातला निदान काही भाग कापूस कमी असल्यामुळं होता. उबेची रजई घरातच, ट्रंकेवर, घडी करून ठेवलेली होती. माझ्या पायांपासून चार हातांवर. हे अक्काला कळलं असतं तर तिनं वर्षभर मला चिडवलं असतं. त्या रात्री मी हिरवी रजई घेतली आणि पाय गरम झाले. रडूही आलं, पण ते उबेत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केटली घेऊन वर गेले. दोन कप नेले. खालांनी बशीत ओतून घेतलं आणि चहात आलं कमी आहे म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी मी आलं वाढवलं. काय बोलायचं ते मला सुचत नसे. बोळातल्या लोकांविषयी मला काहीच माहीत नव्हतं, ते खातं अक्काचं होतं. खालांनाच मग एक सुचलं. त्यांच्या घरी उर्दू वर्तमानपत्र यायचं. डोळे अधू झाल्यापासून ते त्यांना वाचता येत नव्हतं आणि मुलाला वेळ नव्हता. एका सकाळी त्यांनी ते भिंतीवर ठेवलं.

"तू तो निजाम के जमाने में पढ़ी ना? पढ़ के सुना."

खरं होतं ते. शहरात आल्यावर माझी पहिली वर्षं उर्दूतच गेली. पोलीस ॲक्शन झाली आणि एका वर्षात पुस्तकं बदलली, मी मराठीत आले, आणि उर्दू मागं राहिली. मी म्हटलं, मी विसरले. शिवाय मला आता मराठीसुद्धा वाचता येत नाही, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते खालांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र उचललं नाही. "धीरे पढ़," एवढंच म्हणाल्या.

मी अक्षरावर बोट ठेवलं. उजवीकडून डावीकडं, एकेक अक्षर जोडत, पहिलीतल्या पोरीसारखी. एक शब्द लागायचा, दुसऱ्याला अडायचे. अर्धी बातमी वाचायला केटलीतला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. पण डोळे घसरले नाहीत. त्यांना घसरायला वावच नव्हता. जी लिपी मला सवयीनं वाचता येत होती ती हातातून सुटत होती, आणि जिच्यासाठी थांबावं लागत होतं तिनं मला थांबवून धरलं. बाजारभाव, एक लग्न, कुठल्याशा रस्त्याचं काम, असलंच काहीतरी होतं त्यात. खाला मध्येच उच्चार सुधारायच्या आणि लग्नाच्या बातमीवर आपलं मत द्यायच्या. ऊन कोपऱ्यातून सरकलं की मी पोतं सरकवायची, त्याही पलीकडून आपलं बसकूर सरकवायच्या. भिंत मधे ठेवून आम्ही दोघी उन्हाबरोबर गच्चीभर हिंडत असू.

आठवडाभरानं मी खाली येऊन एक मराठी पुस्तक उघडलं. तेही बोट ठेवून वाचलं. एक पान वाचून झालं आणि काय वाचलं ते मला सांगता येत होतं. मी पुस्तक मिटून ठेवलं.

संक्रांत आली. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, म्हणून मी तीळ आणले नव्हते. दरवर्षी अक्का तिळाचे लाडू भिंतीवरून पलीकडं द्यायची आणि खाला ईदेचा शीरखुर्मा अलीकडं. त्या सकाळी मी केटली घेऊन वर गेले तर भिंतीवर एक वाटी झाकून ठेवलेली. आत तिळाचे लाडू. ओबडधोबड, गूळ जरा जास्त कडक झालेला.

"तुम्हारे में साल भर तेहवार नहीं करते ना," खाला म्हणाल्या. "हमारे में वैसा कुछ नहीं. मैं की. खा."

एक लाडू मी दाताखाली फोडायचा प्रयत्न केला, फुटला नाही. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, तेरी अक्का से पूछना था, पाक कब उतारते, पूछने का रह गया. आम्ही दोघी लाडू तोंडात धरून, तो विरघळायची वाट बघत, न बोलता उन्हात बसलो होतो. दादा वर आला तेव्हा त्याला हे दिसलं.

तो एस.टी.नं आला होता. खाली दार उघडं, घरात कुणी नाही, म्हणून घाबरून जिना चढला होता. बरोबर हुरड्याची पिशवी होती. त्यानं मला पाहिलं, भिंतीपलीकडं खालांना सलाम केला, पोत्यावर टेकला. मी त्याला उरलेला चहा दिला. बैलगाडी उद्या सकाळी यायची होती. सामान बांधलं का, असं त्यानं विचारलं.

"नाही बांधलं," मी म्हटलं. "सोमवारी शाळेत रुजू होते."

"आन राहणार कोणासंगं?"

तेवढ्यात खाला तोंडातला लाडू एका गालात सारून म्हणाल्या, "मैं मर गई क्या?"

दादा हसला. माझ्याकडं बघत राहिला, बहुधा माझा चेहरा महिन्याभरापूर्वीच्या चेहऱ्याशी ताडून पाहत असावा. मग म्हणाला, "गाडीवाल्याला नाय म्हणून सांगतो. पर उन्हाळ्यात यायचं. हे तरी कबूल कर." मी कबूल केलं. हुरडा आम्ही तिथंच खाल्ला, जवसाच्या चटणीबरोबर. तो भाजलेला आणला होता आणि वाटेत गार झाला होता, तरी तिघांनी संपवला.

सोमवारी मी वर्गात पुस्तक उघडलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. मुली एकमेकींकडं बघून हसल्या. मी बोट काढलं नाही. पुढच्या आठवड्यात ते आपोआप निघालं.

त्यानंतर कितीतरी हिवाळे आले. मन मंद होणं काही थांबलं नाही, दिवाळी सरली की ते अजूनही होतं. पण आता ते येणार हे मला ठाऊक असतं आणि केटली कुठं न्यायची हेही. पुढच्या वर्षी पिंजारी आला तेव्हा मी सुट्टी घेऊन घरी थांबले. लाल रजईत उरलेला कापूस मी त्याला काढायला लावला आणि त्याची गुडघ्यांपुरती एक छोटी दुलई करून भिंतीवरून पलीकडं दिली. कोणाचा कापूस आहे ते खालांना सांगावं लागलं नाही. त्यांनी ती बरीच वर्षं वापरली.

अक्काचे मी आभार मानायला हवे होते, तेव्हा मला त्यातलं काही माहीत नव्हतं. खालांचे मानायला गेले तर त्या म्हणाल्या, पहले पेपर पढ़. त्यामुळं तेही राहूनच गेलं. म्हणून हे लिहिलं.

आता खालाही नाहीत. पिंजारी बोळात येत नाही. समोर उंच घर झालं आहे, त्यामुळं गच्चीच्या कोपऱ्यात ऊन पूर्वीपेक्षा उशिरा पोचतं. हिरवी रजई आहे. लाल खोळ धुऊन ट्रंकेत ठेवली आहे. थंडीत चहा मी वर घेते.